कोळंबीचा वेगळा रंग: पारख, पडताळणी आणि वाण पक्के करण्याची पद्धत

शोभेसाठी पाळल्या जाणाऱ्या, गोड्या पाण्यातील छोट्या लाल चेरी कोळंब्यांच्या टाकीत एखादे निळसर, चॉकलेटी किंवा अर्धवट पारदर्शक पिल्लू दिसले, की ते दुर्मीळ आहे का, असा प्रश्न पाळणाऱ्याच्या मनात सर्वांत आधी येतो. त्याआधी विचारायला हवा असा दुसरा प्रश्न आहे: हा रंग टिकणारा आहे का? कोळंबीच्या अंगावरचा रंग प्रकाश, अन्न, तळाचा रंग, ताण आणि आजार यांपैकी कशानेही बदलतो, आणि या सगळ्यांतून तावूनसुलाखून निघालेला रंगच जोडी लावून पुढे वाढवण्याच्या लायकीचा असतो. त्यामुळे वेगळी कोळंबी दिसताच ती जाळीने उचलून दुसरीकडे हलवण्याची घाई करू नये.

पारख नीट करायची तर रंग कोठे असतो हे माहीत हवे. कोळंबीचे कवच जवळजवळ पारदर्शक असते. आपल्याला दिसणारा रंग प्रामुख्याने कवचाखालच्या त्वचेतील रंगपेशींचा असतो. भिंग लावून पाहिल्यास या पेशी फांद्या फुटलेल्या बारीक ठिपक्यांसारख्या दिसतात. पेशीतील रंगकण फांद्यांच्या टोकांपर्यंत पसरले, की रंग गडद दिसतो आणि मध्यभागी गोळा झाले, की अंग फिके पडते. हे पसरणे आणि आकसणे मुख्यतः डोळ्यांच्या देठांतील ग्रंथीतून स्रवणाऱ्या संप्रेरकांच्या ताब्यात असते. पांढऱ्या वाळूवर फिकी पडलेली कोळंबी काळ्या तळावर गडद होते ती यामुळेच, आणि रात्री दिवा लावताच दिसणारी कोळंबी दिवसा पाहिलेल्या कोळंबीपेक्षा वेगळी भासते तीही यामुळेच.

लाल आणि नारिंगी छटांमागे ॲस्टाझॅन्थिन हे कॅरोटिनॉइड गटातील रंगद्रव्य असते. कोणतीही कोळंबी कॅरोटिनॉइड मुळापासून तयार करू शकत नाही. शेवाळ आणि इतर अन्नातून मिळालेल्या कॅरोटिनॉइडांवरच तिला भागवावे लागते. हेच ॲस्टाझॅन्थिन विशिष्ट प्रथिनाला बांधले गेले, की निळे दिसू शकते. कवचधारी प्राणी शिजवल्यावर लाल होतात, कारण उष्णतेने ते प्रथिन उलगडते आणि बांधलेला रंग मोकळा होतो. तेव्हा निकृष्ट अन्नावर वाढलेल्या लाल कोळंबीचा फिकेपणा हा नवा वाण समजू नये, आणि रंग खुलवणाऱ्या खाद्याने आलेला गडदपणा पिल्लांत उतरेल, अशीही अपेक्षा ठेवू नये.

निरीक्षण कसे करावे

ज्या कोळंबीवर लक्ष ठेवायचे आहे तिचे छायाचित्र पांढऱ्या प्रकाशात घ्यावे. लाल आणि निळ्या छटा उठावदार करणारे रंगीत एलईडी दिवे टाकीला शोभा देतात, पण पारखीसाठी ते निरुपयोगी आहेत. त्यांच्याखाली साधी चेरी कोळंबीही रक्तवर्णी दिसते. काचेच्या मागे पांढरा कागद धरून एक छायाचित्र आणि काळा कागद धरून दुसरे घ्यावे. एकाच जागेवर, एकाच दिव्याखाली आणि त्याच खाद्यावर ठेवून किमान दोन वेळा कात टाकेपर्यंत ही नोंद चालू ठेवावी. लहान पिल्ले काही दिवसांच्या अंतराने कात टाकतात, तर प्रौढ कोळंबीला साधारण तीन ते सहा आठवडे लागतात, त्यामुळे प्रौढ कोळंबीच्या बाबतीत हे काम दोन-तीन महिने चालते. एवढा धीर नसलेल्याने वाण तयार करण्याच्या भानगडीत पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

या काळात काही नेहमीच्या गोष्टी फसवतात. प्रवासातून नुकतीच आलेली कोळंबी फिकी असते आणि टाकीत रुळल्यावर तिचा रंग परततो. नर बहुधा मादीपेक्षा बारीक आणि फिका असतो, म्हणून लाल टाकीतील जवळजवळ पारदर्शक कोळंबी हा बऱ्याचदा केवळ एक नर असतो. मादीच्या डोक्यामागे पाठीवर दिसणारा पिवळा किंवा हिरवा डाग म्हणजे अंडाशय, आणि पाठीवरून शेपटीपर्यंत जाणारा फिका पट्टा अनेक प्रौढ माद्यांत दिसतो. पारदर्शक अंगातून आतड्यातले अन्नही दिसते. स्पिरुलिना (निळे-हिरवे शेवाळ) खाल्लेल्या कोळंबीच्या पाठीत हिरवी रेघ उमटते आणि काही तासांत नाहीशी होते. तळाशी पडलेली काचेसारखी रिकामी आकृती ही टाकलेली कात असते. मेलेली कोळंबी अपारदर्शक, गुलाबीसर होते, हा फरक ध्यानात ठेवावा.

आजाराचा रंग

येथे चूक महागात पडते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. पांढरी कोळंबी दोन कारणांनी पांढरी असते. स्नोबॉलसारख्या वाणात पांढरेपणा जन्मापासून असतो, अंगभर सारखा असतो आणि कोळंबी चपळपणे चरत असते. आजारी कोळंबीत मात्र पूर्वी पारदर्शक असलेला पोटाचा किंवा शेपटीकडचा स्नायू दुधाळ होत जातो. बाजूने टॉर्चचा प्रकाश टाकून पाहिल्यास हा दुधाळपणा त्वचेवर नसून आत, मांसात असल्याचे कळते, आणि आठवड्यागणिक तो पसरतो. स्नायूंचा ऱ्हास किंवा मायक्रोस्पोरिडिया या परजीवींचा संसर्ग हे त्याचे कारण असू शकते. अशी कोळंबी ताबडतोब वेगळी करावी आणि ती मेल्यास लगेच बाहेर काढावी, कारण इतर कोळंब्या तिचे मांस खाऊन संसर्ग ओढवून घेतात.

पोटाखालच्या पोहण्याच्या पायांमध्ये हिरवा, धाग्यांसारखा पुंजका दिसला, तर त्याला हिरवी अंडी समजण्याची चूक वारंवार होते. अंडी गोल, सुटी आणि मोजता येण्याजोगी असतात. परजीवीचा पुंजका तंतुमय असतो आणि तो नरालाही होतो. कवचावरचे तांबूस-काळे, कडा खाल्ल्यासारखे डाग जिवाणूंमुळे पडतात. नाकाच्या टोकावर पांढरे केस किंवा हलणारे बारीक किडे दिसले, तर तेही परजीवी किंवा अंगावर वस्ती करणारे सूक्ष्मजीव असतात. यांपैकी काहीही असलेली कोळंबी प्रजननासाठी निवडू नये. औषध वापरावे लागले, तर त्यात तांबे नाही याची आधी खात्री करावी. माशांना सोसणारे तांब्याचे प्रमाण कोळंबीचा जीव घेते.

रंग आनुवंशिक आहे का

दोन काती टाकूनही तोच रंग राहिला आणि कोळंबी धडधाकट असली, की आनुवंशिकतेकडे वळावे. सर्वांत आधी टाकीचा इतिहास आठवावा. लाल, निळ्या, पिवळ्या, चॉकलेटी अशा वेगवेगळ्या नियोकॅरिडिना (चेरी कोळंबी ज्या गटात येते त्या कोळंब्या) एकत्र ठेवलेल्या टाकीत निपजलेले तपकिरी-हिरवट, ठिपकेदार पिल्लू म्हणजे नवा वाण नव्हे. या सर्व रंगांचे मूळ एकच, नियोकॅरिडिना डेव्हिडी ही पूर्व आशियातील जात आहे आणि रंगांची सरमिसळ झाली, की काही पिढ्यांत मूळचा रानटी रंग डोके वर काढतो. शुद्ध लाल किंवा शुद्ध निळ्या टाकीत अचानक उपजलेला रंग मात्र खरोखर लक्ष देण्याजोगा असतो. क्रिस्टल रेड या प्रसिद्ध वाणाचा उगम असाच आहे: १९९० च्या दशकात जपानमध्ये हिसायासु सुझुकी यांना बी श्रिम्प या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या कोळंब्यांमध्ये लाल पट्ट्यांच्या कोळंब्या आढळल्या आणि त्यांनी निवडक पैदाशीने तो रंग स्थिर केला. तो लाल रंग काळ्यापुढे अप्रभावी असतो, म्हणजे आई आणि बाप या दोघांकडून मिळाला तरच पिल्लात दिसतो, आणि पुढच्या कृतीचा सारा भर याच गोष्टीवर आहे.

शरीराचा अर्धा भाग एका रंगाचा आणि अर्धा दुसऱ्या रंगाचा असलेली कोळंबी फारच आकर्षक दिसते, पण असा बदल अनेकदा भ्रूणाच्या वाढीत काही पेशींपुरताच घडलेला असतो आणि तो पिल्लांत उतरत नाही. तिचे छायाचित्र काढून समाधान मानणे बरे.

जोडी लावणे आणि पिढ्या सांभाळणे

दहा ते वीस लिटरची, स्पंज फिल्टर लावलेली, आणि शेवाळ व जैविक थर चांगला जमलेली जुनी टाकी यासाठी वापरावी. नव्या टाकीत पिल्ले उपाशी राहतात. नियोकॅरिडिनासाठी तापमान २० ते २६ अंश सेल्सिअस, पीएच (पाण्याची आम्लता) ६.५ ते ७.८ आणि जीएच (पाण्याचा एकूण कठीणपणा) ६ ते १० ठेवावा. क्रिस्टल आणि टायगर यांसारख्या कॅरिडिना कोळंब्यांना याहून मऊ आणि आम्लधर्मी पाणी लागते: पीएच ६ च्या आसपास, जीएच ४ ते ६ आणि केएच (कार्बोनेटांमुळे येणारा कठीणपणा) जवळजवळ शून्य. नियोकॅरिडिना आणि कॅरिडिना यांचा आपसांत संकर होत नाही. कोळंबी हलवताना जुन्या पाण्यात नवे पाणी बारीक नळीने थेंबथेंब मिसळत तासा-दोन तासांनी सोडावी.

वेगळा रंग नराचा असेल, तर त्याच्यासोबत त्याच जातीच्या दोन-तीन तरुण माद्या ठेवाव्यात. शक्यतो त्या त्याच टाकीतल्या घ्याव्यात, कारण त्यांच्यापैकी एखादी तोच गुण लपवून बाळगत असू शकते. वेगळा रंग मादीचा असेल आणि तिने आधीच अंडी धरलेली असतील, तर ती पिल्ले टाकून देऊ नयेत. समागम कात टाकल्यानंतर होतो, तेव्हा निवडलेल्या नराची पिल्ले पुढच्या कातीनंतरच्या अंड्यांतून मिळतील. तोवरच्या पिल्लांनाही आईकडून तो गुण मिळालेला असतोच. अंडी सुमारे चार आठवड्यांत फुटतात आणि एका वेळी साधारण वीस ते तीस पिल्ले निघतात.

पहिल्या पिढीतील सारी पिल्ले साध्या रंगाची निघाली, की बहुतेक जण येथेच नाद सोडतात आणि पिल्ले वाटून टाकतात. खरे तर ही साधी दिसणारी पिल्लेच जपायची असतात. गुण अप्रभावी असेल, तर त्यांतील प्रत्येक पिल्लू त्याचे वाहक असते, म्हणजे तो गुण लपवून बाळगत असते. ती दोन-तीन महिन्यांत वयात आली, की दोन वाटा उरतात. भावंडांची जोडी लावल्यास सरासरी चारांत एक पिल्लू वेगळ्या रंगाचे निघते. वेगळ्या रंगाचा बाप किंवा आई अजून हयात असेल आणि तिच्याशी किंवा त्याच्याशी वाहक पिल्लाची जोडी लावली, तर सरासरी दोनांत एक पिल्लू वेगळ्या रंगाचे निघते. दुसरी वाट वेगवान आहे, पण कोळंबीचे आयुष्य एक ते दोन वर्षांचेच असल्याने ती नेहमीच मोकळी नसते. हे प्रमाण सरासरीचे आहे, म्हणून एकाच वेताच्या पिल्लांवरून निष्कर्ष काढू नये. अनेक वेतांनंतरही तो रंग परतला नाही, तर तो आनुवंशिक नव्हता असे धरावे. रंगाचा गडदपणा मात्र एका जनुकाचा खेळ नसतो. तो पिढीमागून पिढी निवड करतच वाढवावा लागतो.

निवड करताना पिल्लांना रंग पूर्ण भरेपर्यंत थांबावे आणि निवडीतून वगळलेल्या कोळंब्या दुसऱ्या टाकीत हलवाव्यात. ओढ्यात, तळ्यात किंवा गटारात त्या कधीही सोडू नयेत. सलग जवळच्या नात्यात पैदास केल्याने वेत लहान होऊ लागले किंवा पिल्ले अशक्त निघू लागली, तर असंबंधित, त्याच मूळ रंगाची धडधाकट कोळंबी आणून एक संकर करावा आणि पुन्हा दोन पिढ्या थांबून रंग परत मिळवावा. वाणाची संख्या वीसच्या पुढे गेली, की त्यांतील निम्म्या कोळंब्या दुसऱ्या टाकीत, वेगळ्या फिल्टरवर ठेवाव्यात आणि दोन्ही टाक्यांची जाळी व नळ्या स्वतंत्र ठेवाव्यात.