रंगाचं नंतर, आधी लोहचुंबक आण

आमच्या मंडळातल्या एका मित्राने गेल्या महिन्यात १९७१ची एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार घेतली आणि दुसऱ्याच दिवशी मला विचारलं, “रंग कुठे करून घेऊ?” मी म्हटलं, रंगाचं नंतर. आधी लोहचुंबक आण.

एमजीबी १९६२ ते १९८० या काळात इथे इंग्लंडमध्ये ॲबिंग्डनला बनली, पाच लाखांहून जास्त. त्यामुळे दुर्मिळ ठेवा म्हणून तिला झाकून ठेवायची गरज नाही. पण तिला वेगळी चॅसी (खालची भक्कम चौकट) नाही. पत्र्याचा सांगाडाच सगळा भार उचलतो, आणि त्यात दारांखालच्या सिल महत्त्वाच्या. नेमक्या त्याच गंजतात. चुंबक फडक्यात गुंडाळून सिल आणि चाकांच्या कमानींवरून फिरवा. चिकटत नाही तिथे पुट्टी भरलेली. मग एक बाजू जॅकवर उचलून दाराच्या फटीकडे बघा. फट वरून बारीक झाली तर सांगाडा वाकतोय. (गाडीखाली शिरायचं तर स्टँड लावूनच, नुसत्या जॅकच्या भरवशावर नाही.)

माझी पहिली एमजीबी लालचुटूक होती, “नुकतीच रिस्टोअर केलेली”. दार लावताना जरा उचलून घ्यावं लागायचं. तेव्हाच ओळखायला हवं होतं! गंजक्या सिलवरच नवा पत्रा वेल्ड केला होता. दोन्ही सिल कापल्या आणि त्या वर्षीची भारतवारी हुकली.

सिल गेल्या असतील तर रिस्टोरेशनला पर्याय नाही. सांगाडा धड असेल तर मात्र जुन्या रंगाला हात लावू नका. गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून गाडीचा दाखला मागवा. बनल्याची तारीख, मूळ रंग कळतो. माझ्या आत्ताच्या जीटीचा (पक्क्या छपराच्या एमजीबीचा) विटका हिरवा रंग कारखान्यातलाच निघाला, तेव्हा नव्या रंगाचा विचार मी सोडून दिला. बॉनेटवर टवके उडालेत, असू देत.

बदल करायचेच तर परत काढता येतील असे करा. मी पॉइंट्स (ठिणगीची वेळ साधणारे यांत्रिक संपर्क) काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं. जुने पॉइंट्स डबीत घालून डिकीत ठेवलेत. आठ सिलिंडरच्या इंजिनाचा मोह होतो, पण चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना एमओटी या इथल्या वार्षिक तपासणीतून मिळणारी सूट अशा मोठ्या बदलाने जाऊ शकते.

बाकी वेळ चालवा. एसयू कार्ब्युरेटरच्या डॅशपॉटमधलं (वरच्या नळकांड्यातलं) तेल बघा, दर ३,००० मैलांना किंगपिनला (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खिळीला) ग्रीस द्या, पेट्रोल ई५ (कमी इथेनॉलचं) भरा. हिवाळ्यात बर्फासाठी रस्त्यावर मीठ पडलं की पहिला चांगला पाऊस होईपर्यंत गॅरेज.

मित्राने चुंबक आणलं. मागच्या डाव्या कमानीवरून ते टपकन खाली पडलं. रंगवाल्याला त्याने अजून फोन केलेला नाही. वेल्डरचा नंबर मात्र मागितलाय.