ब्रेझिंगला वेल्डिंग समजू नका: एसीचा पाइप जोडताना या चुका टाळा

मे महिन्यात एसीतला गॅस गेला की मुंबईत फोनवर हमखास ऐकू येतं, "दादा, पाइपला वेल्डिंग मारून द्या." मेकॅनिकही बिलावर 'गॅस वेल्डिंग' लिहून मोकळा होतो. प्रत्यक्षात तांब्याच्या पाइपला वेल्डिंग करतच नाहीत, ब्रेझिंग करतात. नावात काय एवढं, असं वाटेल. पण शब्द चुकला की हातही चुकतो, हे शिकाऊ मुलांना शिकवताना मी वारंवार पाहिलंय.

वेल्डिंगमध्ये जोडायच्या तुकड्यांच्या कडाच वितळून एकजीव होतात. ब्रेझिंगमध्ये मूळ धातू घन राहतो, वितळते ती फक्त जोडणारी काडी. तिचा रस दोन पाइपांमधल्या बारीक फटीत ओढला जातो, समईची वात तेल ओढते तसा. काडी ४५० अंश सेल्सिअसच्या वर वितळणारी असेल तर ब्रेझिंग, त्याखाली वितळणारी असेल तर सोल्डरिंग. आपले कासार आणि सोनार अशा जोडकामाला पूर्वीपासून 'झाळणं' म्हणतात, आणि वेल्डिंगपेक्षा तो शब्द कितीतरी नेमका आहे. कल्हई वेगळी. तिथे जोड नसतो, भांड्याला कथलाचा लेप असतो.

ज्योत काडीवर धरणं

सगळ्यात जास्त जोड इथे बिघडतात. 'वेल्डिंग' डोक्यात असलं की मुलगा ज्योत थेट काडीवर धरतो, थेंब पाइपवर पाडतो आणि बाहेर गोल ढीग रचतो. दिसायला जोड भक्कम, पण आत रस गेलेलाच नसतो. ताकद बाहेरच्या ढिगात नसते, आतल्या फटीत असते. म्हणून आधी आत जाणारा पाइप तापवा, मग बाहेरची बाही (ज्यात तो पाइप शिरतो तो रुंद भाग), ज्योत सतत फिरती ठेवा. तांबं गर्द लाल झालं की काडी टेकवा; ती पाइपच्या उष्णतेने वितळायला हवी. रस नेहमी जिथे ऊब जास्त तिकडे धावतो.

उलट टोकाची चूक मी स्वतः केली आहे. कामाला लागलो त्या वर्षी एका जुन्या बिल्डिंगच्या गच्चीवर, रस धरत नाही म्हणून ज्योत एकाच जागी धरून बसलो. तांबं १०८५ अंशांना वितळतं आणि नेहमीची तांबे-फॉस्फरस काडी साधारण ८०० अंशांच्या आतच वाहू लागते. मी मधली सगळी जागा ओलांडली आणि बेंडला भोक पाडलं. रस धरत नव्हता तो उष्णतेअभावी नव्हे. पाइपवर खाऱ्या हवेने चढलेला हिरवट थर मी घासलाच नव्हता.

तेव्हा आधी एमरी पेपरने तांबं चकचकीत करा आणि तेल पुसा. फट एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असावी. ढिल्या बाहीत रस चढत नाही.

एकच काडी सगळ्याला

तांब्याला तांबं जोडताना फॉस्फरसवाल्या काडीला फ्लक्स (तापताना धातूवर चढणारा थर काढणारी पेस्ट किंवा पूड) लागत नाही, कारण फॉस्फरसच ते काम करतो. पितळ आलं की फ्लक्स हवाच. लोखंड किंवा स्टील असेल तर ही काडी वापरूच नका. फॉस्फरस आणि लोखंड मिळून ठिसूळ थर तयार होतो आणि कॉम्प्रेसरच्या थरथरीने जोड तडकतो. तिथे चांदीची काडी आणि फ्लक्स घ्या. काम झालं की फ्लक्स कोमट पाण्याने धुवा, नाहीतर मुंबईच्या दमट हवेत तोच पाइप खातो.

मुंबईतल्या नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात चांदीची काडी घेताना 'कॅडमियम नसलेली' अशी मागा. काही जुन्या प्रकारच्या काड्यांत कॅडमियम असतं आणि त्याचा धूर फुफ्फुसांना घातक आहे. झवेरी बाजारातल्या 'केडीएम'मधलं कॅडमियमही हेच. अनेक घरांत आजही केडीएम म्हणजे सोन्याची शुद्धता समजतात. खरं तर तो दागिना झाळण्याच्या मिश्रणाचा शब्द आहे.

आतली बाजू विसरणं

तापलेल्या पाइपच्या आत हवा असेल तर काळी पापडी धरते. ती पुढे सुटून कॅपिलरीत, म्हणजे गॅस जाणाऱ्या केसासारख्या बारीक नळीत, अडकते आणि महिन्याभरात 'एसी थंडच करत नाही' अशी तक्रार येते. ब्रेझिंग चालू असताना पाइपमधून नायट्रोजनची मंद धार सोडायची, एवढाच उपाय. ग्राहकानेही बिनधास्त विचारावं, "नायट्रोजन आणलाय ना?"

ज्योत लावण्याआधी उरलेला गॅस पूर्ण काढून घ्या. एसीत भरल्या जाणाऱ्या गॅसांपैकी आर-३२ आणि आर-२९० पेट घेणारे आहेत, आणि आर-२२ ज्योतीत सापडला तर विषारी वायू होतो.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो: प्रेशर तपासायला ऑक्सिजन कधीही भरू नका. कॉम्प्रेसरचं तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो.

जोड लगेच पाण्याने विझवू नका, रस आधी बसू द्या. मग नायट्रोजन भरून जोडाला साबणाचा फेस लावा, दाब दाखवणाऱ्या गेजच्या काचेवर पेनाने काट्याची खूण करा आणि निदान चहा पिऊन होईपर्यंत थांबा. काटा खुणेवरून हलला नसेल तरच आतली हवा ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप लावा.