कूलंट बदलताय? रेडिएटर रिकामा झाला म्हणजे काम झालं, असं समजू नका

गेल्या मे महिन्यात धुळ्याहून इंदूरला परत येत होतो. मानपूरचा घाट चढताना तापमानाचा काटा वर सरकायला लागला आणि निम्म्या चढावर लाल रेघेला टेकला. मागच्या सीटवर आत्या आणि दोन्ही मुलं. कुणीतरी कधी सांगितलेलं आठवलं म्हणून एसी बंद करून हीटर पूर्ण गरमवर टाकला, तर आतून गार वारा आला. इंजिन तापून लाल आणि हीटर मात्र गार! गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि दीड तास झाडाखाली बसून राहिलो.

आठच दिवसांपूर्वी मी स्वतः घराच्या अंगणात कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं रंगीत द्रव, बदललं होतं. काम नवीन नव्हतं, पण त्यात तीन चुका झाल्या होत्या. आमच्या भागात बरेच जण हे काम घरीच करतात आणि याच चुका करतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

खालचा नळ उघडला, पण सगळं बाहेर आलं का?

रेडिएटरच्या तळाचा प्लग उघडला की धार लागते, थांबते, आणि आपण समजतो की झालं. खरं तर इंजिनच्या ब्लॉकमध्ये आणि हीटरच्या छोट्या रेडिएटरमध्ये बरंच पाणी अडकून राहतं. माझ्या गाडीत एकूण साडेचार लिटर मावतं (तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये असतो). निघालं किती, ते मी त्या वेळी मोजलंच नाही. नंतर मोजलं तर २.८ लिटर. म्हणजे १.७ लिटर आतच.

आता हिशेब बघा. फ्लश करताना, म्हणजे साधं पाणी भरून, फिरवून काढताना, आतलं जुनं धुऊन गेलं, त्या जागी साधं पाणी राहिलं १.७ लिटर. वरून मी ओतलं तयार मिसळलेलं, म्हणजे निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी असलेलं, २.८ लिटर. त्यात खरं कूलंट १.४ लिटर. साडेचार लिटरात १.४, म्हणजे जेमतेम ३१ टक्के. डब्यावर ५० लिहिलंय, गाडीत ३१ आहे, आणि बाहेरून रंग मात्र झकास हिरवा दिसतोय.

फ्लश करणार असाल तर तयार मिश्रण घेऊ नका, कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) घ्या. आधी एकूण मापाच्या निम्मं कॉन्सन्ट्रेट ओता, माझ्या गाडीत सव्वादोन लिटर, आणि वरची उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरने भरा. निघालेलं पाणी खुणा केलेल्या बादलीत धरून मोजायचंच. काही इंजिनांना ब्लॉकचा वेगळा ड्रेन बोल्ट असतो, तो उघडला तर हिशेब आणखी सोपा होतो. उलट चूकही दिसते: नुसतं कॉन्सन्ट्रेटच भरायचं. ते पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही, इंजिन उलट जास्त तापतं.

नळाचं पाणी

"भिया, पानी तो पानी होता है, नल का डाल दो," हे वाक्य गॅरेजमध्ये हमखास ऐकू येतं. आपल्या घरातल्या गीझरचा कॉइल कधी बाहेर काढलेला पाहिला असेल तर पांढरा, खडबडीत थर आठवा. नखाने खरवडला तरी निघत नाही. पाणी तापलं की त्यातले क्षार बाहेर पडून गरम धातूवरच बसतात, आणि इंजिनमध्ये सगळीकडे गरम धातूच आहे. माळव्याच्या काळ्या खडकातल्या बोअरिंगच्या पाण्यात हे क्षार भरपूर. नर्मदेचं पाणी १९७८ पासून इंदुरात येतंय, प्यायला उत्तम, पण रेडिएटरच्या अरुंद नळ्यांसाठी तेही नको.

धुवायला नळाचं पाणी वापरायचं असेल तर वापरा, पण शेवटचे दोन फेरे डिस्टिल्ड वॉटरचे, म्हणजे बॅटरीत घालतो त्या पाण्याचे करा. पाच लिटरचा कॅन मिळतो. प्रत्येक फेऱ्यात हीटर गरमवर ठेवून थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) उघडेपर्यंत इंजिन चालवा, नाहीतर ते पाणी सगळीकडे फिरतच नाही. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो. रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) एकदम गरम झाला की उघडला असं समजा. मग गार होऊ द्या आणि काढा. पाणी काचेच्या ग्लासात धरून स्वच्छ दिसेपर्यंत फेरे चालू ठेवा.

हवा

घाटात हीटरमधून गार वारा आला त्याचं कारण हेच होतं. आत हवेचा मोठा बुडबुडा अडकला की हीटरपर्यंत गरम पाणी पोचत नाही. बुडबुड्याच्या जागी धातू कोरडा तापतो. त्यात सेन्सर वाफेत आला तर काटा चुकीचंही दाखवतो.

भरताना घाई करू नका. पुढची चाकं थोडी उंचावर घ्या, ब्लीड स्क्रू (हवा बाहेर काढायचा स्क्रू) असेल तर सैल करा, बारीक धारेने ओता. गार इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून आयडलवर (गाडी उभी, ॲक्सिलरेटर न दाबता) चालवा आणि पातळी उतरेल तसं भरत राहा. बुडबुडे थांबले, हीटरची हवा आयडलवरही गरम आली, की झाकण लावा आणि रेडिएटरचा पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत थांबा. माझा या भागातच सगळ्यात जास्त वेळ जातो आणि जायलाच हवा. डॅशबोर्डमागून गुळगुळ आवाज येत असेल तर हवा अजून आत आहे.

थोडक्यात, पण महत्त्वाचं

इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर असतं, झाकण सैल होताच उसळतं आणि भाजतं. तापलेल्या इंजिनमध्ये थंड पाणी ओतलं तर हेडला (इंजिनच्या वरच्या भागाला) चीर जाऊ शकते.

थर्मोस्टॅट काढून टाकणं हा उपाय नाही. गाडी नेहमीच अर्धवट गार राहते आणि पेट्रोल जास्त पिते.

रंगावरून कूलंट ठरवू नका. दोन वेगळ्या जातींची मिसळली तर आत चिकट गाळ धरू शकतो. मॅन्युअलमधला प्रकार बघा.

जुन्या रेडिएटरचा प्लॅस्टिकचा प्लग ठिसूळ झालेला असतो. हाताने हळू फिरवा, नवा रबरी वॉशर जवळ ठेवा.

आणि झाकण. इंदूर साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, इथे साधं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. झाकणाचा दाब आणि कूलंट मिळून ही मर्यादा सव्वाशेच्या जवळ नेतात. झाकणाचं रबर कडक झालं असेल तर कूलंट कितीही चांगलं असो, उपयोग नाही. इंजिन गार झाल्यावर वरचा होज चपटा झालेला दिसला तर झाकणाची आतली झडप अडकली आहे, सरळ नवं झाकण घ्या.

नंतरचे आठ दिवस

रोज सकाळी गार इंजिनवर कूलंटच्या बाटलीतली पातळी बघा. पहिल्या एक-दोन दिवसांत थोडी उतरते, तेवढी भरा. त्यानंतरही उतरत राहिली तर होजच्या क्लिपा आणि वॉटर पंपाखालची जमीन तपासा. बाहेर कुठेच ओल नाही, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतोय, किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधी साय दिसतेय, तर हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं सील) गेली असण्याची शक्यता मोठी. तेव्हा गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, उचलून न्या.

काढलेलं जुनं कूलंट गटारात किंवा झाडाच्या आळ्यात ओतू नका. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं, गल्लीतली कुत्री-मांजरं ते चाटतात आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. मी घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरतो, वर मोठ्या अक्षरात 'विष' लिहितो आणि जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजवाल्याला विचारून तिथे देतो. अंगणात सांडलेलं त्याच वेळी माती टाकून उचलतो, मग भरपूर पाण्याने फरशी धुतो.