‘घरी सगळं येत होतं’: अभ्यासातल्या या चुका टाळा

गोव्यात डिचोलीला माझ्याकडे संध्याकाळी मुलं शिकायला येतात, आठवीपासून बारावीपर्यंतची. निकाल लागला की निम्म्या पालकांचं वाक्य ठरलेलं असतं: “सर, घरी सगळं येत होतं हो, पेपरातच काय झालं कोण जाणे.” पूर्वी मला ही सबब वाटायची. आता वाटत नाही. घरी खरंच येत होतं, फक्त पुस्तक उघडं असताना.

वाचून झालं म्हणजे आलं

दहावीतल्या एका मुलाचं सायन्सचं पुस्तक इतकं रंगवलेलं होतं की न रंगवलेली ओळच उठून दिसायची. पिवळा, हिरवा, गुलाबी. प्रकाशाचा धडा त्यानं चार वेळा वाचला होता. मी पुस्तक मिटायला लावलं आणि काचेच्या चिपेतून जाणाऱ्या किरणाची आकृती काढायला सांगितली. किरण आत शिरला, वाकला, आणि पेन्सिल तिथंच थांबली. बाहेर पडताना कुठं वळवायचा? तो म्हणाला, “सर, पान डोळ्यासमोर येतं, पण रेघ येत नाही.”

चूक याहून नेमकी मला सांगता येणार नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एखादा चेहरा ओळखीचा वाटतो आणि नाव काही केल्या आठवत नाही, तसंच हे. पुन्हा पुन्हा वाचून पानाची ओळख वाढते. पेपरात मात्र चेहरा दाखवत नाहीत, नाव विचारतात.

अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी हे तपासून पाहिलं आणि 2006 मध्ये प्रसिद्ध केलं. काही विद्यार्थ्यांनी उतारा वाचून पुन्हा वाचला. बाकीच्यांनी एकदा वाचला आणि मग न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर उलटं झालं: लिहून काढणाऱ्यांना सुमारे 56 टक्के आठवलं, पुन्हा वाचणाऱ्यांना 42. पहिल्या पाच मिनिटांतला हा खोटा विजयच मुलांना फसवतो. रात्री झोपताना सगळं येत असतं ना!

उपाय फुकटचा आहे. एक मुद्दा वाचा, पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा. मग पुस्तक उघडून, राहिलेलं दुसऱ्या रंगाच्या पेनानं भरा. त्या दुसऱ्या रंगाचंच तेवढं पुन्हा वाचायचं. असं उद्या एकदा, तीनचार दिवसांनी एकदा, आठवड्यानं एकदा. गणितातही सोडवलेलं उदाहरण नुसतं वाचू नका, उत्तर वहीनं झाकून पहिली पायरी स्वतः लिहा. मुलांना हे आवडत नाही, कारण आपल्याला काय येत नाही ते लगेच कळतं. रंगीत पेनं मी बंद केलेली नाहीत. कागद भरून झाल्यावर हवं तेवढं रंगवा.

पाचवीत भाषा बदलली आणि कुणी सांगितलंच नाही

आमच्याकडचा हा खास घोळ आहे, आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त मुलं इथंच मागं पडतात. घरात कोकणी, सरकारी प्राथमिक शाळेत मराठी, आणि पाचवीत हायस्कुलात गेलं की बहुतेक ठिकाणी इंग्रजी. माध्यमाचा वाद गोव्यात जुना आहे. 2011 मध्ये इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान द्यायचा निर्णय झाला तेव्हा तो रस्त्यावरही आला. मी त्यात पडत नाही. वाद मिटेपर्यंत पाचवीतलं पोर थांबून राहू शकत नाही.

लक्षण असं: मूल तोंडी हुशार, लेखी कोरं. सत्तरी तालुक्यातून आलेली नववीतली एक मुलगी इव्हॅपोरेशनची, म्हणजे बाष्पीभवनाची, व्याख्या घडाघडा म्हणायची, स्वल्पविरामासकट. मी तिला विचारलं, जूनमध्ये ओले कपडे दोन दोन दिवस का वाळत नाहीत? इंग्रजीत विचारलं तेव्हा गप्प. मराठीत विचारल्यावर म्हणाली, “हवेतच पाणी भरलेलं असतं सर, कपड्यांतलं जाणार कुठं?” अख्खा ह्युमिडिटीचा, म्हणजे हवेतल्या दमटपणाचा, मुद्दा तिनं एका ओळीत सांगितला होता. तिच्या वहीतला शब्द आणि तिच्या दोरीवरचे कपडे यांची गाठच कुणी घालून दिली नव्हती.

इथं पालक दोन चुका करतात. पहिली म्हणजे घरात आपली भाषा बंद. स्वतःला जेमतेम येणाऱ्या इंग्रजीत आईवडील मुलाशी बोलायला लागतात, आणि मुलाची विचार करायची एकुलती एक पक्की भाषाही डळमळते. दुसरी, अर्थ लागला नाही तरी पाठ करून घेणं. पाठांतरावर सातवीपर्यंत निभावतं, पुढं नाही.

मी एक वही करायला लावतो, तीन रकान्यांची. पहिल्यात इंग्रजी शब्द, दुसऱ्यात मराठी, तिसऱ्यात घरातलं उदाहरण. फ्रिक्शन, घर्षण, पावसात शेवाळलेल्या पायरीवर पाय का घसरतो. न्यूमरेटर म्हणजे अंश, डिनॉमिनेटर म्हणजे छेद. गणितातलं शाब्दिक उदाहरण आधी कोकणीत किंवा मराठीत गोष्टीसारखं सांगायचं, मगच सोडवायला घ्यायचं. दिवसाला पाच शब्द पुरे.

याच वहीच्या मागच्या पानावर प्रश्नपत्रिकेतली क्रियापदं लिहून ठेवा. ‘स्टेट’ म्हटलं तर फक्त सांगा, ‘एक्सप्लेन’ म्हटलं तर कसं आणि का ते लिहा, ‘डिस्टिंग्विश’ म्हटलं तर दोन्ही बाजू समोरासमोर मांडा. सगळ्या प्रश्नांना तोच पाठ केलेला परिच्छेद लिहून आलेली मुलं मी दरवर्षी बघतो, आणि “एवढं लिहिलं तरी मार्क नाहीत” ही तक्रारही दरवर्षी ऐकतो.

नरकासुराची रात्र

कॉलेजच्या सेमिस्टर परीक्षा साधारण दिवाळीच्या मागंपुढं येतात. त्याआधी गणेशचतुर्थीची सुट्टी, आणि दिवाळीच्या आधीचे आठदहा दिवस पोरं रात्र रात्र नरकासुराचे पुतळे बांधत बसलेली. गवत, कागद, चिकटवायची लई, सगळं अंगाला चिकटलेलं. मी स्वतः ते केलंय, त्यामुळं नरकासुर करू नका असं सांगायला माझी जीभ रेटत नाही. चूक वेगळीच आहे: ‘सुट्टीत सगळं भरून काढू’ हा हिशेब. सुट्टीत काहीही भरून निघत नाही. चतुर्थीला पाहुणे असतात, आरत्या असतात, मुंबईहून काका आलेला असतो. म्हणून सुट्टीच्या आधीच्या दोन आठवड्यांत रोज अर्धा तास जास्त काढा आणि सुट्टीत दिवसाला एकच कोरा कागद भरा. परीक्षा चालू असेल तर मात्र जागरण नको. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते, आणि दिवसा वाचलेलं झोपेतच पक्कं होतं.

कॉलेजवाल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: आयएसए, म्हणजे सेमिस्टर चालू असताना होणारी अंतर्गत चाचणी, ही किरकोळ टेस्ट नव्हे. ते गुण शेवटच्या निकालात धरले जातात. पहिल्या सेमिस्टरला ‘बघू पुढच्या वेळी’ म्हणत घालवलेले गुण शेवटपर्यंत सलतात. हजेरीचंही तसंच, 75 टक्क्यांची अट परीक्षेच्या तोंडावर आठवून काय उपयोग?

दहावी आहे म्हणून फुटबॉल बंद

हा घरगुती वटहुकूम शाळा सुरू झाली की निघतो. संध्याकाळचा तास मैदानावरून काढून घेतला की तो पुस्तकाला मिळतो, असा समज. मिळतो मोबाइलला. शिवाय शालेय स्पर्धांत खेळणाऱ्यांना गोवा बोर्ड खेळाचे गुण देतं, आणि काठावरच्या मुलाला तेच तारून नेतात. खेळ चालू ठेवा, फक्त परतायची वेळ ठरवा.

अकरावीला सोडलेला विषय

सायन्स घेतलं म्हणजे सगळे दरवाजे उघडे, असं नाही. गणित जड जातं म्हणून हायर सेकंडरीत त्याऐवजी जिऑलॉजी घेतली, आणि बारावीनंतर इंजिनियरिंगचा फॉर्म आणायला गेल्यावर कळलं की गणिताशिवाय तिथं जाता येत नाही. बायोलॉजी सोडली तर नीटचं तसंच. विषय बदलायचाच असेल तर तो कुठला दरवाजा बंद करतो ते आधी विचारा. कारखान्यात हात घालायला आवडणाऱ्या मुलाला दोन वर्षं सायन्समध्ये रडवण्यापेक्षा दहावीनंतर पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा बघा. पणजीत आल्तिनोला आहे, आमच्याकडं मयेला आहे, तिकडं कुडचड्याला आहे. त्यातून इंजिनियरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जायची वाट असते. “डिप्लोमा म्हणजे नापासांसाठी” असं म्हणणारे काका प्रत्येक घरात एक तरी असतात. त्यांना चहा द्या.

कागदांची फाइल

यावर फारसं कुणी लिहीत नाही, पण दरवर्षी एखादी तरी सीट यात अडकते. प्रवेशाला रहिवासी दाखला लागतो, सवलत किंवा राखीव जागा हवी असेल तर उत्पन्नाचा आणि जातीचा. हे सरकारी कचेऱ्यांतून मिळवायचे, आणि निकालानंतर अख्खा तालुका तिथं रांगेत असतो. बारावीची परीक्षा व्हायच्या आतच अर्ज टाका. पैशांची अडचण असेल तर गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या बिनव्याजी कर्जाची चौकशीही तेव्हाच करा.

आणि नावाचं स्पेलिंग बघा. आपल्याकडे ही पोर्तुगीज काळापासूनची कटकट आहे. आजोबांच्या कागदावर नाईक शेवटी ‘क्यू-यू-ई’ लावून, वडिलांच्या आधारवर नुसता ‘के’, आणि मुलीच्या जन्मदाखल्यावर तिसरंच काही. माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील या एका अक्षरासाठी ऐन प्रवेशाच्या आठवड्यात तीन दिवस काम बुडवून फिरले. आज रात्री जेवण झालं की सगळे दाखले टेबलावर मांडा आणि मुलालाच प्रत्येकावरचं नाव मोठ्यानं, एकेक अक्षर करून वाचायला सांगा.