प्रशिक्षणाचा आराखडा कुठे फसतो

कामाच्या ठिकाणच्या प्रशिक्षणातली सर्वांत महागडी चूक विषय ठरण्याच्या आधीच झालेली असते: अडचण कौशल्याची आहे की व्यवस्थेची, हे कोणी तपासलेलेच नसते. गोदामात मालाची नोंद उशिरा होते म्हणून नोंदणीचे प्रशिक्षण ठेवले जाते. प्रत्यक्षात नोंद सगळ्यांनाच येत असते, फक्त पाच जणांत संगणक एकच असतो. म्हणून पुरेसा वेळ आणि साधने दिली तर हा माणूस हे काम आजच बरोबर करून दाखवेल का, हे आधी पाहावे. उत्तर ‘हो’ असेल, तर संगणक घ्यावा आणि प्रशिक्षण रद्द करावे.

प्रशिक्षणाची खरोखर गरज असेल, तर उद्दिष्ट शिकणाऱ्याच्या कृतीत लिहावे. ‘तक्रार निवारणाची माहिती देणे’ हे प्रशिक्षकाचे काम झाले. ‘कर्मचारी तक्रार पूर्ण ऐकून घेईल, योग्य वर्गात नोंदवेल आणि उत्तर कधी मिळेल ते ग्राहकाला त्याच संभाषणात सांगेल’ असे लिहिले, की काय शिकवायचे याबरोबरच काय गाळायचे तेही ठरते. गाळणे हेच अवघड असते, कारण प्रत्येक विभागप्रमुखाला ‘एवढे एक घ्याच’ असे वाटत असते, आणि त्या भरीपायी सरावाचा वेळ जातो. निम्मा वेळ तरी सरावासाठी राखावा, आणि सरावातला ग्राहक समजूतदार नसावा: त्याच्याकडे पावती नसावी, तो मध्येच तोडून बोलणारा असावा आणि त्याची तक्रार दोन वर्गांत बसणारी असावी.

सगळे एका दिवसात उरकण्याचा मोहही टाळावा. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवले, की पाठ केलेल्यापैकी बराचसा भाग पहिल्या काही तासांतच विसरला जातो. म्हणून सहा तासांचे एक सत्र घेण्याऐवजी आठवड्याच्या अंतराने दोन-दोन तासांची तीन सत्रे घ्यावीत, आणि प्रत्येकाची सुरुवात मागचे टिपणांशिवाय आठवण्याने करावी.

वरिष्ठांना विश्वासात न घेणे ही चूक तर सहसा लक्षातही येत नाही. शिकून परतलेल्या माणसाला ‘ते राहू दे, इथे आपण असेच करतो’ असे एकदा ऐकवले, की सगळ्या मेहनतीवर पाणी पडते.

राहिले मूल्यमापन. अमेरिकन प्राध्यापक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये त्याच्या चार पायऱ्या मांडल्या: प्रतिक्रिया, शिकणे, वर्तन आणि परिणाम. बहुतेक ठिकाणी पहिल्याच पायरीवर, म्हणजे सत्र संपताना घाईने भरून घेतलेल्या अभिप्राय-पत्रकावर, काम थांबते. त्यातून प्रशिक्षक आवडला की नाही, एवढेच कळते. त्याऐवजी प्रशिक्षणापूर्वीच्या महिन्यातल्या अपूर्ण नोंदी मोजून ठेवाव्यात आणि दोन महिन्यांनी त्याच पद्धतीने पुन्हा मोजाव्यात. आधीची मोजणी राहून गेली, तर नंतरच्या आकड्याची तुलना कशाशीच करता येत नाही.