टिरोनच्या ओ'नीलांची वंशावळ मांडताना या चुका टाळा

सोळाव्या शतकातील आयरिश सरदार घराण्याची वंशावळ करायला बसलेला नवशिका आधी इंग्रज राजाची सनद शोधतो, आणि तिथेच फसतो. आठव्या हेन्रीने १५४२ मध्ये आयर्लंडच्या उत्तरेकडील टिरोनचा प्रमुख कॉन बाकाख ओ'नील याचा मुलूख कागदोपत्री आपल्या हवाली करून घेतला, 'अर्ल ऑफ टिरोन' या किताबासह तोच त्याला परत दिला आणि वारस म्हणून कॉनचा मुलगा मॅथ्यू याचे नाव घातले. मीही त्यावरून कॉन, मॅथ्यू, मॅथ्यूचा मुलगा ह्यू अशी सरळ रेघ ओढली, कॉनचा दुसरा मुलगा शेन याला मॅथ्यूचा बंडखोर भाऊ म्हणून कडेला बसवले आणि दोन महिने तक्ता वाढवत राहिलो.

मग शेनचे म्हणणे वाचले. मॅथ्यू हा डंडॉकच्या लोहाराच्या बायकोचा मुलगा, बापाने त्याला आपला म्हटले एवढेच. शिवाय मुलूख कॉनकडे हयातीपुरताच होता, तेव्हा तो राजाच्या हवाली करण्याचा त्याला अधिकारच नव्हता. आयरिश रिवाजात प्रमुख भाऊबंदांतून निवडला जाई. म्हणूनच १५६७ मध्ये शेन मारला गेल्यावर प्रमुखपद चुलत शाखेतल्या टर्लॉख लिनाखकडे गेले. पाव शतक राज्य केलेल्या या माणसाला माझ्या तक्त्यात चौकटच नव्हती! तक्ता फाडला. तेव्हापासून मी इंग्रजी किताबाची आणि आयरिश निवडीची अशा दोन ओळी वेगळ्या ठेवतो. ह्यू १५९५ मध्ये 'ओ'नील' झाला, तेव्हा कुठे त्या एकत्र येतात.

नुसते 'ओ'नील' असे लिहिलेले असेल, तर ते आडनाव नसून प्रमुखाचे पद असते. बाकाख म्हणजे लंगडा. ते आडनावाच्या रकान्यात घालू नये.

तारखा 'दुरुस्त' करण्याची खोडही सोडावी. ह्यू आणि त्याचे स्पॅनिश मित्र इंग्रजांशी लढले ती किन्सेलची लढाई इंग्रजी कागदांत २४ डिसेंबर १६०१ ची, तर स्पॅनिश गणनेने ३ जानेवारी १६०२ ची आहे आणि दोन्ही बरोबर आहेत, कारण इंग्रज जुनी ज्युलियन दिनदर्शिका वापरत आणि स्पॅनिश दहा दिवस पुढची नवी ग्रेगोरियन. शिवाय इंग्रजांचे वर्ष तेव्हा २५ मार्चला बदलत असल्यामुळे जानेवारी ते मार्चच्या नोंदींत एक वर्षाचा घोळ होतो. मी मूळ तारीख शाईने आणि आजची पेन्सिलीने लिहितो.

तयार वंशवृक्ष उतरवून घेणाऱ्या उतावळ्यांना 'नोंद सापडत नाही, म्हणजे माणूस नव्हता' असे म्हणायची सवय असते. डब्लिनचे सरकारी दप्तरखाने १९२२ मध्ये जळाले, हे त्यांच्या गावीही नसते. सुदैवाने ट्यूडर काळातील राजाज्ञांचे सारांश एकोणिसाव्या शतकातच छापले गेले होते. मी आधी त्यांतल्या, राजाने माफी दिलेल्या लोकांच्या याद्या चाळतो, आणि नावे मोठ्याने वाचतो, कारण इंग्रज कारकुनाने ती कानावर पडली तशी लिहिली आहेत.