आकडा एक वाचन मागे: सी मध्ये टाइप पनिंग (एका टाइपचे बाइट दुसऱ्या टाइपचे म्हणून वाचणं) करताना मला काय नडलं

रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराजवळच्या एका मासळीच्या शीतगृहात आमचा डेटा लॉगर बसवलेला होता. आत उणे १८ अंश राखायचे, दर मिनिटाला तापमान नोंदवायचं, मर्यादा ओलांडली की भोंगा वाजवायचा. वर्षभर सगळं सुरळीत चाललं. मग एसएमएसचा भाग जोडला, कंट्रोलरची फ्लॅश मेमरी भरली, आणि कोड आटोपशीर व्हावा म्हणून मी जीसीसी या कंपायलरला ओ-एस हा कोडचा आकार घटवणारा पर्याय लावला. आठवड्याभरात तिथल्या ऑपरेटर काकांचा फोन आला: "ताई, दार उघडलं तरी आकडा लगेच हलत नाय. पुढच्या टायमाला हलतो."

या दोन वाक्यांत निदान जवळजवळ पुरं होतं. मला ते ऐकू यायला चार दिवस लागले. किनाऱ्यावर खाऱ्या हवेने टर्मिनलं गंजतात, म्हणून आधी केबल बदलली, मग सेन्सर बदलला. कोडमध्ये प्रिंट टाकला की दोष नाहीसा व्हायचा, काढला की परत हजर. शेवटी कंपायलरने बनवलेली असेम्ब्ली, म्हणजे प्रोसेसरच्या पातळीवरच्या सूचना, उघडून बघितली. सेन्सरकडून आलेली नवी रजिस्टरं (१६ बिटी आकडे) अ‍ॅरेत भरण्याच्या आधीच कंपायलर फ्लोट, म्हणजे तापमानाची दशांश संख्या, वाचून घेत होता. म्हणजे दर वेळी मागच्या मिनिटाचं तापमान.

कंपायलरचं काही चुकलं नव्हतं. मॉडबसवर, म्हणजे सेन्सर आणि लॉगर ज्या प्रोटोकॉलने बोलतात त्यावर, फ्लोट १६ बिटांच्या दोन रजिस्टरांत येतो. त्या अ‍ॅरेच्या पत्त्याला मी फ्लोट पॉइंटरचा कास्ट लावला होता आणि स्टार लावून किंमत उचलत होते. आपल्याकडे घरोघरी टोपणनावं असतात. घरचा बाबू रेशनकार्डावर भलत्याच नावाने असतो, पण गावाला ठाऊक असतं की माणूस एकच. सीचा नियम उलटा आहे: दोन वेगळ्या टाइपचे पॉइंटर एकाच जागेकडे बोट दाखवत नाहीत, असं कंपायलरने गृहीत धरलं तरी चालतं. म्हणून '१६ बिटी लिखाणाचा फ्लोटच्या वाचनाशी संबंध नाही' असं ठरवून तो क्रम बदलू शकतो. यालाच स्ट्रिक्ट अलायसिंग म्हणतात. जीसीसीमध्ये ते ओ-टू, ओ-थ्री आणि ओ-एस या ऑप्टिमायझेशनच्या पातळ्यांना आपोआप चालू होतं. ओ-झीरोला, म्हणजे ऑप्टिमायझेशन नसताना, ते बंद असतं आणि त्याबद्दलचा इशाराही मिळत नाही. आमचं वर्ष त्याच आधारावर गेलं. ओ-एसलाही इशारा आला नाही, कारण आमचा कास्ट व्हॉइड पॉइंटरमधून (ज्याला टाइपच नसतो) दुसऱ्या फाइलीत झाला होता. इशारा नाही म्हणजे कोड शुद्ध, असं धरून चालू नका.

नियमाला थोडे अपवाद आहेत. साइन्ड आणि अनसाइन्ड इंट एकमेकांच्या जागी वाचता येतात. कॅरॅक्टर टाइपच्या पॉइंटरने कुठल्याही वस्तूचे बाइट बघता येतात. याचा उलटा अर्थ मात्र काढू नका. कॅरॅक्टरचा अ‍ॅरे घोषित करून तो फ्लोट पॉइंटरने वाचणं नियमाबाहेरच आहे.

मग करायचं काय? मेमकॉपी, म्हणजे बाइट जसेच्या तसे दुसऱ्या जागी नकलून ठेवणारं फंक्शन. दोन रजिस्टरं जोडून ३२ बिटांचा अनसाइन्ड पूर्णांक करा आणि त्याचे चार बाइट फ्लोट व्हेरिएबलमध्ये मेमकॉपी करा. 'फंक्शन कॉल महाग पडेल' ही शंका मलाही होती. असेम्ब्लीत बघितलं तर कॉल नव्हताच. चार बाइटांची नक्कल साध्या एका सूचनेत उरकली होती. जोडताना वरचं रजिस्टर आधी ३२ बिटी अनसाइन्डमध्ये कास्ट करा, मग १६ घरं सरकवा. तसं केलं नाही तर ते साइन्ड इंट होऊन सरकतं, आणि चिन्हाच्या बिटात एक घुसला की तिथेही वर्तन अनिश्चित.

युनियनही, म्हणजे एकाच जागेला दोन टाइपची नावं देणारी रचना, सीमध्ये चालतं. सी-९९ च्या २००७ च्या दुरुस्तीत तशी तळटीप आहे. पण तोच कोड सी प्लस प्लसमध्ये गेला की तो आधार सुटतो, म्हणून माझा कल मेमकॉपीकडेच. व्होलाटाइल (दर वेळी मेमरीतून खरंच वाच, असं कंपायलरला सांगणारा शब्द) लावून आकडा बरोबर आला होता, तरी मी ते ठेवलं नाही. त्याने नियमभंग तसाच राहतो. जुना कोड प्रचंड असेल तर हे गृहीतक बंद करणारा एफ-नो-स्ट्रिक्ट-अलायसिंग हा पर्याय लावा. लिनक्स कर्नलही तसाच बांधतात.

आणखी एक खड्डा अगदी शेजारीच आहे. मॉडबस आरटीयूच्या (मॉडबसचा सिरियल केबलवरचा प्रकार) उत्तरात पत्ता, फंक्शन कोड आणि बाइटसंख्या असे तीन बाइट आधी येतात, विदा चौथ्यापासून. पॅकेटच्या त्या जागेला थेट फ्लोट पॉइंटर लावला तर अलाइनमेंट बिघडते, म्हणजे पत्ता चारच्या पटीत राहत नाही. कॉर्टेक्स-एम-झीरोसारख्या प्रोसेसरवर असं वाचन हार्डफॉल्टच देतं, म्हणजे प्रोग्राम तिथेच अडकतो. मेमकॉपीला जागा कुठलीही चालते.

दुरुस्त कोड चढवून शीतगृहात गेले तेव्हा काकांनीच दार उघडलं, आणि आकडा त्याच वाचनाला हलला.

आता प्रकल्पात एक चाचणी कायम ठेवते. ३एफ८००००० (हेक्समध्ये), म्हणजे फ्लोट म्हणून १.०, भरून वाचायचं, लगेच वेगळा आकडा भरून पुन्हा वाचायचं, आणि हे ओ-झीरो, ओ-टू, ओ-एस तिन्हींवर. आकडा बदलणं महत्त्वाचं. आमच्या टेबलावरचा सेन्सर दिवसभर खोलीचं तेच तापमान दाखवत असे, त्यामुळे शिळं वाचनही बरोबरच दिसायचं.